वाळूवर उभं राहिलेलं बेट

‘कृपया हिरवळीवर चाला!’

दोस्तांनो, अशी पाटी तुम्ही कुठल्या बागेत वाचली आहे का? आपल्याकडे बहुधा नेमकी उलटी पाटी असते आणि तिच्या शेजारी शिट्टी घेतलेला रखवालदार! पण कॅनडातल्या टोरांटो शहरात टॉमी थॉम्पसन नावाचे एक उद्यानप्रमुख होऊन गेले. बाग माणसांनी वापरावी म्हणून असते, असं त्यांचं मत. म्हणून त्यांनी शहरातल्या बागांमधून चक्क अशा पाट्या लावल्या.

ही गोष्ट मला ताईने सांगितली, ती बोटीच्या रांगेत उभं असताना. २०२३ सालच्या जुलैत मी आणि माझे वडील, म्हणजे आबा, ताईकडे टोरांटोला गेलो होतो. रविवार होता. बारा वर्षांची ईशा, आठ वर्षांचा ओम, ताई, भावोजी, आबा आणि मी अशी आमची पलटण निघाली होती टोरांटोच्या बेटांवर. ही बेटं म्हणजे शहराचं मोठं उद्यानच.

“पण मामा, इथे समुद्र नाहीये हं,” ईशाने आधीच बजावलं. “हे ऑन्टारिओ सरोवर आहे.”

सरोवर? ज्याचा पलीकडचा काठच दिसत नाही! त्या काठावर अमेरिका आहे. आबांना काही पटेना. बेटावर पोचल्यावर त्यांनी ओंजळभर पाणी तोंडाला लावलं आणि म्हणाले, “खरांच की! गोडा पाणी!”

आबांचं असं वागणं साहजिक होतं. ते मालवणजवळच्या देवबागचे. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी आणि मधे वाळूची लांबट पट्टी, तिच्यावर गाव. पाणी आणि वाळू बघतच त्यांचा जन्म गेला.

आमची बोट १९३९ सालची होती. “माझ्यापेक्षा म्हातारी आणि अजून नोकरीत!” आबा खूश झाले. बोट निघाली तशी मागे शहराची रांग दिसू लागली. उंच इमारती आणि सगळ्यांच्या वर ५५३ मीटर उंचीचा सी. एन. टॉवर. जेमतेम पंधरा मिनिटांत आम्ही सेंटर आयलंडला उतरलो. एकदम शांत! कारण इथे लोकांच्या मोटारगाड्याच नाहीत. पायी फिरा नाहीतर सायकल चालवा.

ओमने आधी आम्हांला सेंटरव्हिल या छोट्या जत्रेत ओढत नेलं. तिथला लाकडी प्राण्यांचा गोल पाळणा १९०७ सालचा आहे. तीन फेऱ्या झाल्यावर स्वारी उतरली. मग भाड्याच्या चारचाकी सायकली घेतल्या. त्या सगळ्यांनी मिळून चालवायच्या असतात. ओम मात्र फक्त घंटी वाजवत होता!

पश्चिमेकडे गेल्यावर झाडीत एक दगडी मनोरा दिसला. दार लाल, बंद.

“हे दीपगृह १८०८ सालचं आहे,” ईशाने माहिती दिली. तिने शाळेत यावर प्रकल्प केला होता. “आधी यात व्हेलच्या तेलाचा दिवा लावायचे. १९५८ मध्ये दिवा बंद झाला. आणि इथला पहिला रखवालदार १८१५ च्या जानेवारीत गायब झाला! त्याचा खून झाला असं म्हणतात. दोन सैनिकांवर खटला झाला, पण ते सुटले. अजून त्याचं भूत जिन्यावर चढतं म्हणे!”

ओम लगेच माझ्या मागे आला.

आबांना भुतापेक्षा दुसरीच गोष्ट खुपत होती. “पण दीपगृह असं झाडीत कशाला बांधलं? पाणी तर तिकडे लांब आहे.”

प्रश्न अगदी बरोबर होता! बांधलं तेव्हा ते पाण्यापासून फक्त पंचवीस फुटांवर होतं. आज पाणी शंभर मीटरवर आहे. दीपगृह जागचं हललं नाही. पुढ्यात वाळू साचत गेली आणि पाणी मागे हटलं.

“ही वाळू खंयसून येता?” आबांनी विचारलं.

याचं उत्तर मोठं गमतीचं आहे. शहराच्या पूर्वेला स्कारबरोचे मातीचे उंच कडे आहेत. काही ठिकाणी ते नव्वद मीटर उंच आहेत. लाटांनी ते हजारो वर्षं ढासळत आले. त्यांची वाळू पाण्याच्या प्रवाहाबरोबर पश्चिमेकडे वाहत आली आणि इथे साठली. पण तेव्हा हे बेट नव्हतंच! जमिनीला जोडलेली वाळूची लांब पट्टी होती. १८५८ च्या एप्रिलमध्ये मोठं वादळ झालं. लाटांनी पट्टी तोडली, मधून पाणी घुसलं आणि पट्टीचं बेट झालं.

“म्हणजे देवबागच!” आबा म्हणाले आणि गप्प झाले.

दीपगृहाच्या पुढे वाळूचा किनारा आहे. तिथे एका झाडाची मुळं उघडी पडून लोंबत होती. आबा बराच वेळ ती मुळं बघत राहिले. मला माहीत होतं त्यांना काय आठवतंय. आमच्या माडांच्या दोन रांगा समुद्राने अशाच नेल्या. आधी मुळं उघडी पडायची, मग एखाद्या पावसाळ्यात माड आडवा व्हायचा.

“इथे वाळू साचत होती ना? मग आता किनारा का खचतोय?” मी विचारलं.

भावोजी म्हणाले, “वाळूची वाट अडली. वरच्या बाजूला कडे ढासळू नयेत म्हणून काठाला दगड घातले. शिवाय १९५९ पासून इमारतींचा राडारोडा टाकून सरोवरात पाच किलोमीटर लांबीचा भराव केला. आता तिथे पक्ष्यांचं छान रान झालंय. त्याला टॉमी थॉम्पसन यांचंच नाव दिलंय. पण तिकडून येणारी वाळू इथे पोचेनाशी झाली.”

आबा मान हलवत म्हणाले, “एकाचा अंगण राखूक गेला, की दुसऱ्याचा जाता.”

बघा, कुणी वाईट हेतूने काही केलं नव्हतं. कड्यांवरच्या लोकांना आपली घरं वाचवायची होती. पण वाळू एका गावची नसते. ती वाटेवरच्या सगळ्यांची असते.

दुपारी झाडाखाली बसून ताईने डब्यातले घावने आणि खोबऱ्याची चटणी काढली. लगेच कॅनडा गीझ, म्हणजे इथली मोठी रानबदकं, चालत हजर! त्यांना खायला द्यायचं नसतं. ओमने आपला घावना डोक्यावर धरून खाल्ला.

सायकली परत करून आम्ही चालत वॉर्ड्स आयलंडला गेलो. तिथे लोक राहतात! छोटी छोटी लाकडी घरं, पुढे फुलं, सामान आणायला हातगाड्या. एके काळी बेटावर खूप घरं होती. १९५० नंतर बागेसाठी ती एकेक करून पाडली. उरलेल्यांना हलवण्यासाठी जुलै १९८० मध्ये अधिकारी आले, तेव्हा रहिवाशांनी पुलावरच त्यांची वाट अडवली. अखेर १९९३ मध्ये कायदा झाला आणि सुमारे अडीचशे घरं टिकली.

२०१७ मध्ये सरोवराचं पाणी चढलं. जुलैच्या अखेरीपर्यंत उद्यान लोकांसाठी बंद होतं. तेव्हा वाळूने भरलेली पोती रचून पाणी थोपवलं. वाळूच्या बेटाला वाळूनेच वाचवलं!

परतीच्या बोटीची वेळ झाली. ओमने पाण्याच्या रिकाम्या बाटलीत वाळू भरून आणली होती. भारतातल्या मित्रांना दाखवायला म्हणे. आबांनी ती हातात घेतली, उन्हात धरून पाहिली आणि त्याला परत दिली.

“ओतून टाक रे झिला. ह्यांका आधीच कमी पडता.”

ओम थोडा हिरमुसला. पण धावत काठावर गेला आणि बाटली उपडी केली.

दोस्तांनो, तुमच्या गावाजवळ नदी किंवा समुद्र असेल तर आजी-आजोबांना जरूर विचारा, त्यांच्या लहानपणी पाणी कुठपर्यंत होतं? उत्तर ऐकून तुम्हीही चकित व्हाल!