आमची मोटारीतील मुंबई

मुंबई आम्ही चार वेळा पाहिली आहे, असे आजवर चारचौघांत सांगत आलो. परंतु खरे बोलावयाचे तर आम्ही मुंबई पाहिली नव्हती, मुंबईतील एकेका नातलगाचे घर पाहिले होते. एकदा मुंज, दोनदा लग्न आणि एकदा थोरल्या बंधूंचे अखेरचे आजारपण. स्टेशनावरून घर आणि घरावरून स्टेशन. मधली मुंबई लोकलच्या दारातील माणसांच्या खांद्यांवरून दिसली तेवढीच. म्हणून यंदा पौषात पुतण्याचा निरोप आला, की ‘काकूंना घेऊन या, रविवारी मोटारीने मुंबई दाखवतो’, तेव्हा आमच्या सौभाग्यवतीने दुसऱ्याच दिवशी माळ्यावरची बॅग उतरविली.

या निरोपाच्या पोटात दुसरा एक निरोप होता व तो आम्हांस ठाऊक होता. मूर्तिजापूर तालुक्यात आमच्या वडिलार्जित जमिनीपैकी कुळकायद्यातून उरलेले नऊ एकर रान आहे. सातबाऱ्यावर आमचे, वहिनींचे व पुतण्याचे नाव. पुतण्या गोरेगावास भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. त्याच खोल्या विकत घेण्याचा त्याचा विचार असून कमी पडणारी रक्कम या नऊ एकरांतून निघावी, अशी त्याची इच्छा. आमची नव्हती. नकार पत्राने देता येतो. ज्याच्या मोटारीत बसावयाचे, ज्याच्या घरी दोन दिवस जेवावयाचे, त्याला समोरासमोर देणे जड. निघताना वहिनी दारात येऊन म्हणाल्या, “भावोजी, नाही म्हणायचं तर म्हणा, पण पोराचं ऐकून घ्या, मग म्हणा.” आणि भाकरी, ठेचा व शेंगदाण्याच्या चटणीचा डबा हातात दिला.

रात्रीच्या अमरावती एक्सप्रेसने निघून आम्ही शनिवारी सकाळी मुंबईस उतरलो. रविवारची सहल आमच्या बेताने व्हावी, एवढी एकच अट आम्ही घातली. पुतण्याच्या मनात वाटाड्यासह निघणाऱ्या सहलीच्या गाडीचे होते. परंतु दुसऱ्याच्या शिटीवर उतरणे आणि चढणे पस्तीस वर्षे शाळेच्या घंटेवर चाललेल्या माणसास आता नको वाटते. आम्ही वहीच्या पानावर पाच ठिकाणे लिहून नेली होती. पान पाहून सूनबाई हसली. मोटार तीच हाकणार होती. आमची ही सून अकोल्याची. माहेरी वडिलांची जीप शिकली, ती मुंबईच्या गर्दीत पुतण्यापेक्षा धीराने चालविते. तिने दूरध्वनी पुढच्या काचेजवळ अडकविला आणि त्यातून एका अदृश्य बाईचा आवाज उजवे-डावे सांगू लागला.

आम्हांला साहजिकच मेघदूत आठवले. आमच्याच विदर्भातील रामगिरीवरून यक्षाने मेघास अलकानगरीची वाट सांगितली. अलकेपेक्षा झगमगीत नगरी संस्कृत वाङ्मयात शोधून सापडावयाची नाही. परंतु यक्ष मोठा रसिक वाटाड्या. उज्जयिनी सरळ वाटेवर नाही, हे ठाऊक असूनही तो मेघाला वळसा घ्यावयास लावतो, कारण ती पाहिली नाही तर डोळे असून व्यर्थ. आमच्या काचेवरच्या बाईस ही रसिकता नव्हती. जरा वळलो की ती पुन्हा मूळ मार्गास लावी. सौभाग्यवतीस मात्र ती फार आवडली. “आपल्या घरात एवढ्या शांतपणे कोणी कोणाला चूक सांगत नाही,” असे तिने मत दिले.

वांद्र्याहून वरळीपर्यंतचा सागरी सेतू २००९ साली खुला झाला. त्यापुढे २०२४ पासून किनाऱ्याने नवा रस्ता झाला आहे, तो मलबार हिलच्या पोटातील दोन किलोमीटरांहून थोड्या लांब बोगद्यातून जाऊन थेट मरीन ड्राइव्हजवळ बाहेर पडतो. बोगद्याच्या काळोखातून एकदम तो अर्धवर्तुळाकार समुद्र, ती कठड्यावर बसलेली माणसे आणि डावीकडे वळणदार गॅलऱ्यांच्या इमारतींची रांग! सौभाग्यवतीने नकळत हात जोडले. समुद्राला जोडले की इमारतींना, हे आम्ही विचारले नाही.

मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून आम्ही पहिला पाठ दिला. शिक्षकाचा हा दुर्गुण निवृत्तीने जात नाही. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथल्या दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून उपाशी पडल्या. तेव्हा साऱ्यांचे डोळे वळले ते मुंबईकडे, म्हणजेच वऱ्हाड, खानदेश आणि गुजरातकडे. आमच्या वऱ्हाडच्या कापसाचे नावच व्यापारात ‘उमरा’. उमरा म्हणजे उमरावती, आपली अमरावती! पूर्वी हाच कापूस बैलांच्या पाठीवरून शेकडो कोस दूर मिर्झापुरास गंगाकिनारी जात असे. मग घाट उतरून मुंबईस येऊ लागला. पुढे आगगाडीचा रूळ अकोला-बडनेऱ्यावरून १८६७ मध्ये नागपुरास पोहोचला आणि बैलांचे तांडे थांबले. त्या चार-पाच वर्षांत मुंबईत पैशाचा पूर आला. समुद्र बुजवून जमीन करावयाच्या कंपन्या निघाल्या. त्यांतली बॅक बे कंपनी या समोरच्याच खाडीसाठी होती. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला, कंपन्या बुडाल्या आणि समुद्र राहिला तिथेच राहिला. ते भराव टाकण्याचे काम पुढच्या शतकात तडीस गेले व त्यावर ही झगमगीत रांग उभी राहिली.

“तेव्हा,” आम्ही हात फिरवून म्हणालो, “हे सर्व मूळचे आपल्या कापसाचे.”

ओव्हल मैदानावर तेच. पूर्वेस उच्च न्यायालय आणि विद्यापीठाचा राजाबाई टॉवर, पश्चिमेस मरीन ड्राइव्हच्या घराण्यातील नव्या इमारती. मध्ये क्रिकेट खेळणारी पोरे. या दोन्ही पिढ्यांच्या इमारतींना मिळून २०१८ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. टॉवर २८० फूट उंच. त्याचा आराखडा करणारा गिल्बर्ट स्कॉट हिंदुस्थानात कधी आलाच नाही. पैसा प्रेमचंद रायचंद यांचा, नाव त्यांच्या मातोश्रींचे. आणि प्रेमचंदांची श्रीमंती कशाची? कापसाची! ते स्वतःही १८६५ च्या पडझडीत बुडाले, पण टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला. पुन्हा आम्ही ‘आपला कापूस’ म्हणालो. पुतण्या ‘हो काका’ म्हणाला. त्याच्या ‘हो काका’मधील कंटाळा आम्ही ओळखला, परंतु मनात हिशेब असा चालला होता की, ज्या मातीने ही नगरी घडविली ती विकून याच नगरीत दोन खोल्या घेणे किती अनुचित, हे त्याला आपोआप उमजावे. सहल आम्ही नकाराच्या तयारीसाठी योजिली होती, हे येथे कबूल केले पाहिजे.

तेथून हुतात्मा चौक. १८६४ चे फ्लोरा फाउंटन आणि त्याच्या बाजूस संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील हुतात्म्यांचे स्मारक. येथेही आमच्या वऱ्हाडचा धागा आहे. मराठी मुलखाने एकत्र कसे नांदावे याचा पहिला करार १९४७ मध्ये अकोल्यासच झाला. सूनबाईच्या गावचा उल्लेख म्हणून आम्ही तो मुद्दाम काढला. ती स्मारकाकडे पाहात होती. तेथे मशाल धरलेल्या दोन मूर्ती आहेत, एक कामगाराची व एक शेतकऱ्याची.

ती म्हणाली, “काका, एक विचारू? तुम्ही सकाळपासून ‘आपला कापूस’ म्हणताहात. आपण म्हणजे कोण?”

स्वर उर्मट नव्हता. वर्गातील हुशार मुलगी शंका विचारते तसा होता. आम्ही ‘आपण वऱ्हाडी’ असे काहीसे बोललो आणि पुढे चालू लागलो. परंतु शंका मोटारीत आमच्याबरोबर येऊन बसली.

आमच्या बालपणी वेचणीच्या दिवसांत वडील आम्हांस रानात नेत. बायका पहाटेच्या दवात पऱ्हाटीत शिरत. उन्हे चढली की बोंडाच्या वाळल्या टोकांनी त्यांची बोटे रक्ताळत. आमचे काम काय, तर बैलगाडीतील कापसाच्या ढिगावर लोळणे. संध्याकाळी वडील काट्याजवळ वही घेऊन बसत. आम्ही एक बोंड वेचले नाही, वडिलांनी वेचले नाही, आजोबांनी तर वसुलीच केली. १८९९-१९०० च्या दुष्काळात कापूस पिकविणाऱ्या वऱ्हाडात माणसे अन्नावाचून मेली, हे आम्ही इतिहासात शिकविले आहे. आमच्या घरात त्या दुष्काळात कोणी मेल्याचे सांगत नाहीत. गेली बावीस वर्षे ते नऊ एकर रान एकच माणूस ठोक्याने वाहतो. दर साल ठोका तोंडी. कागद का नाही, तर कागद झाला की हक्क उत्पन्न होतो, हे वडिलांनी आम्हांस शिकविले व आम्ही ते पाळले. बोंडअळी पडली त्या २०१७ साली त्याने ठोक्यात सूट मागितली होती. आम्ही अर्धी दिली आणि स्वतःस उदार समजलो.

दुपारी हॉर्निमन सर्कलच्या बागेजवळ सावलीत मोटार लावून, दारे उघडी ठेवून डबा खाल्ला. येथेच पूर्वीचे मोकळे मैदान. कापसाच्या गाठींचे ढीग येथे पडत, म्हणून त्याला कॉटन ग्रीन म्हणत. पुढे कापसाचा बाजार कुलाब्यास व तेथून शिवडीच्या बाजूस गेला आणि नावही गाठींच्या मागोमाग फिरत गेले. हे आम्ही सांगितले, पण ‘आपला’ शब्द गाळून. गेटवे ऑफ इंडियापाशी एवढी गर्दी होती की सौभाग्यवतीचे छायाचित्र झाल्याबरोबर परतलो.

पाचवे ठिकाण कॉटन ग्रीन. “तिथे काय आहे काका? गोदामं,” पुतण्या म्हणाला. काचेवरच्या बाईनेही बहुधा नापसंतीनेच वाट दाखविली. गोदीच्या कडेने, मालमोटारींच्या रांगांमधून आम्ही तेथे पोहोचलो. रविवार असल्याने कॉटन एक्स्चेंजची मोठी इमारत बंद होती. आसपास जुनी गोदामे, एक चहाची टपरी, आणि झोपलेली कुत्री. सकाळच्या वैभवाचा मागमूस नाही. चहा सांगितला आणि ज्या गोष्टीसाठी आलो होतो ती आम्हीच काढली.

“शेत विकायला आमची हरकत नाही. पण आधी त्याला विचारायचं.”

पुतण्यास क्षणभर कळेना. मग म्हणाला, “त्याच्याजवळ एवढा पैसा कुठून येणार, काका?”

“बाजारभावाने नाही येणार. भाव थोडा उतरवू. त्याचं स्वतःचं दीड एकर आहे, कर्ज मिळेल तेवढं काढेल. बाकीचं तीन वर्षांत देईल. आलेल्या पैशातून आधी तुझा आणि वहिनींचा हिस्सा. आमचा मागाहून येईल तसा.”

“आणि नाही आला तर?” हा प्रश्न सौभाग्यवतीचा होता. चहाचा पेला तिने खाली ठेवला होता. “निवृत्तिवेतनावर दोघांची औषधं भागतात, हे मला ठाऊक आहे. पण मला एक शब्द विचारायचा तरी होता.”

ती बरोबर होती. दुसऱ्याची उपेक्षा सुधारावयास निघालेल्या माणसाने घरच्या माणसास विचारले नाही, ही आमची रीत जुनीच. आम्ही तेथे टपरीवर, मालमोटारींच्या धुरळ्यात, चाळीस वर्षांत प्रथमच तिची अशी चौघांसमक्ष क्षमा मागितली. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने पुतण्याकडे वळून म्हणाली, “लाव त्याला फोन.”

सूनबाईने आवाज मोठा केला. पलीकडे वारा होता, कोणीतरी बैलाला हाक मारीत होते. आम्ही मुंबईहून बोलतो आहोत म्हटल्यावर तो घाबरला. त्यास वाटले कोणी आजारी आहे. मग आम्ही सांगितले ते त्याने पुरते ऐकून घेतले. इतका वेळ काही आवाज येईना की पुतण्याने दूरध्वनी पाहिला, संपर्क तुटला की काय.

“मास्तर,” अखेर तो म्हणाला, “तिसरी वेचनी चालू हाये. एवढी होऊ द्या. मंग मी अन् माही बायको अमरावतीले येतो. तिले इचारल्याबिगर मले सांगता येनार नाही.”

सौभाग्यवतीने आमच्याकडे पाहिले. सूनबाई मोटार चालू करण्यास उठली.