हातोहात

कोकणात खेळण्यांचा हंगाम पंचांगावर ठरायचा. भातकापणी उरकली की कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा लागायच्या आणि खेळणीवाले पेटारा उचलून एका देवळाकडून दुसऱ्या देवळाकडे निघायचे. मकरसंक्रांतीला मार्लेश्वर, रथसप्तमीला कशेळीचा कनकादित्य, महाशिवरात्रीला कुणकेश्वर. आमच्या पावसला मार्गशीर्ष वद्य द्वादशीला स्वामी स्वरूपानंदांचा जन्मोत्सव. समाधिमंदिराच्या रस्त्यावर दुकानं मांडली जायची. मोठी माणसं प्रसादाच्या रांगेत आणि आम्ही पोरं त्या दुकानांपुढे उकिडवी.

जत्रा ही एक वाट. खेळणं घरात यायला आणखी दोन वाटा होत्या. पहिली झाडांची. पोफळीची विरी गळली की एकाने तिच्यावर बसायचं आणि दुसऱ्याने झावळीचं टोक धरून अंगणभर ओढायचं. माडाच्या पातीचं भिरभिरं, पिपाणी, मनगटावरचं घड्याळ हे सगळं एका दुपारचं काम. दुसरी वाट मुंबईची. मे महिन्यात चाकरमानी मामा आले की त्यांच्या बॅगेतून चावीची मोटार नाहीतर झांजा वाजवणारं माकड निघायचं. आणि पोरांच्या व्यवहारात नाणं एकच चालायचं, काजूची बी. फाल्गुनापासून खिसे बियांनी फुगलेले. बिया रांगेत मांडून नेम धरून उडवायच्या, जिंकलेल्या बिया गारेगारवाल्याला द्यायच्या, नाहीतर मूठभर बियांवर शेजारच्या पोराचा भोवरा आपलासा करायचा. पैसे मोठ्यांकडे असायचे, बिया आमच्याकडे. देवघेव मी तिथे शिकले.

माझ्या वाट्याला आलेली जत्रेतली सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे पत्र्याची बोट. वीतभर लांब, वरून निळी, खाली तांबडी. आत डोकावलं की तेलाच्या जुन्या डब्यावरची छपाई दिसायची. मागे दोन बारीक नळ्या पाण्यात बुडालेल्या, मधोमध पातळ पत्र्याची चपटी डबी आणि तिच्याखाली सरकवायची इवलीशी वात. नळ्यांतून पाणी भरायचं, तेलात भिजवलेली वात पेटवायची आणि न्हाणीतल्या घंगाळात बोट सोडायची. थोडा वेळ काहीच होत नाही. मग डबीतलं पाणी तापतं, वाफ धरते, ती वाफ नळ्यांतलं पाणी मागे ढकलते आणि बोट पुढे सरकते. वाफ गार नळीत पोहोचली की विरते, तिथे पोकळी होते आणि घंगाळातलं पाणी आत ओढलं जातं. तेही तापतं, आणि फेरा चालू राहतो. बाहेर पडणारं पाणी एकाच दिशेने जोरात सुटतं, आत येणारं चहूबाजूंनी गोळा होतं, म्हणून बोट मागे येत नाही. दर फेऱ्याला डबीचं पातळ झाकण आतबाहेर होतं आणि त्याचाच तो टकटकटक आवाज. आजोबा तिला आगबोटच म्हणायचे. रत्नागिरी बंदरातून पडावात बसून भर समुद्रात आगबोटीला लागायचं आणि मुंबई गाठायची, हे त्यांनी तरुणपणी केलेलं. माझी बोट घंगाळात फिरायला लागली की ते हातातलं काम टाकून येत. पुढे वाचनात आलं, की अशा बोटीचं पेटंट थॉमस पियोट या गृहस्थाने १८९१ साली ब्रिटनमध्ये मागितलं होतं. तिथला तो शोध पावसच्या जत्रेत तेलाच्या डब्याच्या पत्र्यातून घडून माझ्यापर्यंत आला होता.

नोकरीने मुंबईला नेलं आणि हा नाद मोठा झाला. चोरबाजारात मटण स्ट्रीटवर जुन्या ग्रामोफोनच्या मागे, पितळी कड्यांच्या ढिगाखाली एखादी पत्र्याची आगगाडी सापडायची. पुण्याला गेलं की बुधवार नाहीतर रविवार साधायचा, कारण तेव्हा जुना बाजार भरतो. नाण्यांच्या आणि टपालतिकिटांच्या प्रदर्शनांत कोपऱ्यातल्या एखाद्या टेबलावर खेळणी दिसू लागली. तिथेच कळलं, की आपल्यासारखी माणसं पुष्कळ आहेत. पुण्याच्या विलास करंदीकरांनी जमवलेली भातुकली पाहिली तेव्हा मी प्रत्येक भांड्यापाशी थांबत होते. बंब, शेगडी, जातं, पाटा-वरवंटा. एक अख्खा संसार बोटाच्या पेरात मावेल अशा मापाने घडवलेला, आणि त्यातली कितीतरी भांडी आज खऱ्या स्वयंपाकघरातूनही गेलेली. कर्वे रस्त्यावरचं भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ साली सुरू झालं. तिथे सिग्नल पडतात, फाटक लागतं, गाड्या वेळेवर सुटतात. ते चालू अवस्थेतलं गाव पाहिल्यावर काचेमागची गप्प खेळणी मला अपुरी वाटायला लागली.

मग खेळण्यातल्या मोटारी जमवणाऱ्यांच्या मेळाव्यांना जाऊ लागले. बहुतेक तरुण मुलं. हॉटेलात दोन टेबलं जोडायची, बुटांच्या खोक्यांतून छोट्या मोटारी काढायच्या आणि ‘ट्रेड’ सुरू. त्यांचं ज्ञान थक्क करणारं होतं. तळावरचा मजकूर, चाकाची घडण, रंगाची छटा यांवरून ती मुलं मोटारीचं साल आणि कारखाना सांगत. मॅचबॉक्स मोटारींची कथा मला तिथेच कळली. लंडनच्या लेस्नी कंपनीतल्या जॅक ओडेल यांच्या मुलीला शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं नेता येत असे. वडिलांनी तिच्यासाठी पितळेचा इवला रोडरोलर केला आणि १९५३ पासून काडेपेटीच्या मापाच्या मोटारी जगभर गेल्या. हॉट व्हील्स आल्या १९६८ साली. भारतात ‘लिओ’ नावाने निघालेल्या त्यांच्या मोटारींचे रंग अमेरिकेतल्या मोटारींपेक्षा वेगळे, म्हणून परदेशातले संग्राहक आजही त्या शोधत असतात. आपल्याकडे पोरांनी मातीत पळवलेल्या वस्तूला कुणी सातासमुद्रापलीकडून मागणी घालतं, याचा मला अभिमान वाटला.

त्या टेबलांवर मोटारींच्या दोन जाती होत्या. पुठ्ठ्यावर बंद ती ‘कार्डेड’, उघडलेली ती ‘लूज’. तीच मोटार, तेच साल, पण बंद असेल तर किंमत कितीतरी पट. या हिशेबाला कारण आहे. मुलाच्या हातात न गेलेली वस्तू दुर्मीळ राहते आणि कारखान्यातून निघताना ती कशी होती याचा तोच पुरावा उरतो. हे मला पटतं. संग्रहालयाला तो पुरावा हवाच. तरीही प्रत्येक मेळाव्यातून निघताना एक प्रश्न माझ्यासोबत यायचा: ज्या खेळण्याशी कुणी खेळलंच नाही, त्याने आपलं काम कधी केलं?

निवृत्तीनंतर पावसला परतले आणि या प्रश्नाचं उत्तर इथल्या हवेने दिलं. समुद्राचा खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यांपुढे पुठ्ठा टिकत नाही. आषाढात खोक्यांवर बुरशीचे ठिपके उठतात, श्रावणात डिंक सुटतो. पत्र्याला गंज धरतो तो आधी घडीच्या आणि सांध्याच्या जागी, जिथे रंग पातळ असतो. चावीच्या खेळण्यांतलं तेल नुसतं बसून राहिलं की चिकट होतं आणि दाते अडकतात. सेल आत राहिले तर पाझरतात आणि पितळी पट्टी खाऊन टाकतात. म्हणून माझी कामं ठरलेली आहेत. मृगापूर्वी सगळे सेल काढायचे. अल्कलाइन सेलचा पांढरा थर असेल तर लिंबाच्या रसाचा बोळा फिरवायचा. पत्र्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा हलका हात द्यायचा. चावीची खेळणी मधून मधून चालवायची आणि चावी पूर्ण उतरल्यावरच ठेवायची, म्हणजे स्प्रिंगला ताण राहत नाही. बोट चालवायची ती विहिरीच्या पाण्यात, खाडीच्या कधीच नाही. मग नळ्या फुंकून कोरड्या करायच्या. जी खेळणी अशी हाताखालून जात राहिली ती टिकली. या भूमीत न हाताळलेली वस्तू आधी मरते.

त्या अनुभवातून आमच्या अंगणातला मेळावा उभा राहिला. मे महिन्यात चाकरमान्यांची पोरं गावात असतात, आंबा उतरत असतो, काजूच्या बिया घराघरांत वाळत असतात. खळ्यावर आंब्याच्या रिकाम्या पेट्या उलट्या मांडल्या की झाली दुकानं. नियम थोडेच केले, पण ते पाळतो. मांडलेलं प्रत्येक खेळणं चालवून दाखवायचं. मोडलं असेल तर काय मोडलं ते सांगायचं. प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधायची: कुठून आलं, साधारण कधी, कोण खेळलं. मुलांच्या देवघेवीत पैसा आणायचा नाही. वस्तूला वस्तू, आणि तोल साधत नसेल तर फरक काजूच्या बियांत. मोठ्यांची खरेदी-विक्री ओटीवर, वेगळी. जुन्या रंगात शिसं असू शकतं म्हणून तोंडात घालणाऱ्या वयाच्या मुलांना पत्र्याची खेळणी द्यायची नाहीत, त्यांच्यासाठी पातीची भिरभिरी आम्ही तिथेच वळून देतो.

या मेळाव्यात बंद पुठ्ठ्यातली मोटार आली तर तिला मानाने जागा मिळते, मात्र चिठ्ठीवर ‘कोण खेळलं’ ही ओळ कोरी राहते आणि गर्दी शेजारच्या पेटीकडे जाते. एकदा तिथे सावंतवाडीच्या चितारआळीतलं लाकडी जातं होतं. त्याच्या लाखेचा तांबडा रंग खुंट्याजवळ झिजून आतलं फिकं लाकूड उघडं पडलेलं. लेथवर लाकूड फिरत असताना लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून लाकडावर बसते. इतका घट्ट बसलेला रंग पोरींच्या बोटांनी घासून काढायला किती दुपारी गेल्या असतील! त्या चिठ्ठीवर एकाखाली एक नावं होती, आत्या, तिची भाची, भाचीची मुलगी. ते जातं एका ठाण्याच्या मुलीने घेतलं. बदल्यात तिने आपली रिमोटची गाडी पुढे केली. जातं आणणाऱ्या आजी म्हणाल्या, “गाडी नको गो बाय. मूठभर बिया दे नि तुझं नाव चिठ्ठीत लिही.” मुलीने नाव लिहिलं, मग तिथेच बसून तांदूळ घालून जातं फिरवू लागली.

मला जे म्हणायचं आहे ते एवढंच. संग्राहक म्हणून आपण वस्तूच्या पुढच्या मालकापर्यंतचे राखणदार आहोत आणि तो पुढचा मालक शक्यतो मूल असावं. संग्रहालयं पुरावा सांभाळतील, बाजार किंमत ठरवेल. गावातल्या मेळाव्याचं काम वेगळं आहे. खेळणं कसं चालतं आणि कसं दुरुस्त होतं ही माहिती वस्तूबरोबर पुढच्या हातात जायला हवी. बोटीच्या नळ्यांत पाणी कसं भरायचं हे सांगणारं कुणी उरलं नाही, तर शाबूत बोटही नुसता पत्रा होते.

येत्या मे महिन्यात सावंतवाडीच्या एका कारागिरांना लेथ घेऊन येण्याची विनंती केली आहे. खेळणं घडताना, चालताना आणि हात बदलताना एकाच अंगणात पाहायला मिळावं असा माझा हट्ट आहे. तुमच्या माळ्यावर पत्र्याचं, लाकडाचं, चावीचं काही पडलं असेल तर झटकून घेऊन या. चालत नसेल तरी आणा, इथे तेल आहे, पक्कड आहे आणि शिकायला बसलेली पोरं आहेत.