पेटीतले कार्ड

मी मूळचा मुरबाड तालुक्यातला, शहापूरला कारकून आहे. आठवडाभर आवक-जावक आणि जमा-खर्चाच्या नोंदी तपासतो. रविवारी वस्त्यांतून फिरतो, बाळांना लस टोचून आणा म्हणून लोकांना सांगतो. पण दिव्याखाली अंधार असतो, हे मी २०२२ साली स्वतःच्याच घरात पाहिले.

माझा धाकटा भाऊ आणि भावजय दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. आमच्या दोन्ही तालुक्यांतून अशी कितीतरी कुटुंबे जातात. त्यांच्या मुलीला जन्मल्यावर बी.सी.जी. टोचली होती, पोलिओचे थेंब दिले होते. दीड महिन्याची झाल्यावर मांडीत लस टोचली. रात्री ताप आला, मांडी सुजली. आई म्हणाली, "पोर चांगली होती, सुईनेच आजारी पाडली. आता पुरे." कार्ड पत्र्याच्या पेटीत लुगड्यांखाली गेले. मी तिथेच होतो, पण आईपुढे बोललो नाही.

त्या वर्षाच्या शेवटी मुंबईत गोवंडीला आणि इकडे भिवंडीतही गोवराची साथ आली. लहान मुले दगावली. आमची पोर तेव्हा दीड वर्षाची होती. भट्टीवर तिला ताप चढला, डोळे लाल झाले, अंगावर पुरळ उठले. शेजारच्या बाया म्हणाल्या, "गोवर आहे, फुलू द्या, औषध देऊ नका." तीन दिवसांनी भावाचा फोन आला, "दादा, पोरीला धाप लागलीय, काही पीत नाही."

न्यूमोनिया झाला होता. डॉक्टरांनी कार्ड मागितले. मी गावाहून ते घेऊन गेलो. वरचे रकाने भरलेले, खालचे सगळे कोरे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोंदी तपासल्या, घरातले एक कार्ड तपासले नाही. पोर वाचली, पण त्या रात्री दवाखान्याच्या ओट्यावर मला स्वतःची लाज वाटली.

तिथल्या नर्सताईंनी भावजयीला समजावले, ते मीही ऐकले. दीड महिन्याच्या लसीत डांग्या खोकल्याचे मेलेले जंतू असतात. घटसर्प आणि धनुर्वात यांचे निर्विष केलेले विष असते. त्यातून शरीर शत्रू ओळखायला शिकते, म्हणून एक-दोन दिवस ताप येतो. पण एका मात्रेत हे शिक्षण पुरे होत नाही. म्हणून सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना ती तीनदा द्यायची असते. गोवराच्या लसीत जंतू जिवंत पण दुबळे केलेले असतात. पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांत. एखादी मात्रा चुकली तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. राहिली तिथून पुढे जायचे. गोवराची लस राहिली असेल तर पाच वर्षांपर्यंत देता येते. सरकारी केंद्रात पैसे पडत नाहीत. गाव दुसरे असले तरी लस मिळते.

१९९५ पासून पोलिओचे थेंब घरोघर, एस.टी. स्टँडवर, वीटभट्ट्यांवरसुद्धा पाजले गेले. म्हणून २०१४ साली देश पोलिओमुक्त ठरला. एकही वस्ती सोडून ते झाले नसते.

बंधू-भगिनींनो, कामासाठी घर सोडावे लागते, ते आपल्या हाती नाही. कार्ड सोबत नेणे आपल्या हाती आहे. आज पेटी उघडा, कार्ड काढा, कोरा रकाना दिसला तर आशाताईंना दाखवा. लसीनंतर ताप फार चढला किंवा झटके आले तर लगेच दवाखाना गाठा, पण पुढच्या लसीला डॉक्टरांना न विचारता नाही म्हणू नका.

पोरीच्या राहिलेल्या लसी पुढे टोचून घेतल्या. आता ती अंगणवाडीत जाते. दिवाळीनंतर भट्टीला निघताना आई भाकरीच्या फडक्याआधी कार्डाची पिशवी भावजयीच्या हाती देते.