ओझे वाहणाऱ्यांचे प्रवासवर्णन

(बी. ए. द्वितीय वर्ष)

प्रवासवर्णन हे मराठीचे एक श्रीमंत दालन आहे. अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ १९४० चे, पु. ल. देशपांडे यांची ‘अपूर्वाई’ १९६० ची. ही पुस्तके वाचताना आपणच बोटीत बसलो आहोत असे वाटते. परंतु एक प्रश्न मनात येतो. प्रवाशाची पेटी ज्याने उचलली, त्याचा प्रवास कोणी लिहायचा?

गोल्फ खेळण्यासाठी देशोदेशी हिंडणाऱ्यांची प्रवासवर्णनेही असतात. वारकऱ्याने पंढरीला जावे तसे हे लोक स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजला जातात. १७६४ साली तिथे अठरा ‘होल’ झाले, आणि पुढे तोच आकडा जगभर रूढ झाला. आपल्याकडे गुलमर्गला थंड हवेत असेच मैदान आहे. हिरवळ, धुके, वारा यांची वर्णने सुरेख असतात. पण मुदखेडच्या पोराचा आणि या श्रीमंती खेळाचा संबंध काय, असे वर्गमित्र विचारतील. संबंध आहे, तो ‘कॅडी’मुळे.

कॅडी म्हणजे खेळाडूची पिशवी वाहणारा. नियमाप्रमाणे तिच्यात चौदापर्यंत काठ्या असतात. खेळाडू सहा-सात किलोमीटर चालला, तर कॅडीही तेवढाच चालतो, शिवाय खांद्यावर ओझे. पण कोणत्या उतारावर चेंडू कुठे वळेल, हे त्याला तोंडपाठ असते. दिल्लीच्या मैदानावर कॅडीचे काम केलेले अली शेर १९९१ मध्ये ‘इंडियन ओपन’ जिंकले. कॅडी म्हणूनच सुरुवात केलेले बंगळूरचे मुनियप्पा २००९ मध्ये जिंकले. ओझे वाहता वाहता या माणसांनी मैदान वाचले होते!

आपल्या मराठीतही अशी नजर आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे घरच्या कर्जापायी दक्षिणा मिळवायला उत्तरेकडे निघाले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. परतताना आईवडिलांसाठी खांद्यावर गंगेची कावड आणली. त्यांचे ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली छापले. पोटासाठी निघालेल्या माणसाने लिहिलेले हे पुस्तक आज इतिहासाचे अभ्यासकही उघडतात.

आमचे मुदखेड फुलांचे गाव. आता आमची फुले टेम्पोने जातात. पूर्वी माझे वडील फुलांचे गठ्ठे घेऊन रात्रीच्या गाडीने हैदराबादला जात. एकदा मी विचारले, “बाबा, हैदराबाद कसं हाय?” ते म्हणाले, “म्या कुठं बघितलो रे हैदराबाद? डोक्यावर गठ्ठा असला की मान वर होत नाही. पायाखालची फरशी तेवढी दिसती.”

पण ते पुढे बोलू लागले तेव्हा मी थक्क झालो. बासरजवळ गोदावरीचा पूल आला की गाडीचा आवाज बदलतो, तो झोपेतही कळतो. निजामाबादला फुलांवर पाणी शिंपडायचे, नाहीतर गठ्ठ्याच्या आत ऊब धरून मोगरा काळा पडतो. उजाडायच्या आत बाजार गाठायचा, कारण ऊन चढले की भाव उतरतो. चारमिनार त्यांनी पाहिला नाही. पण हे सारे कोणत्या प्रवासवर्णनात मिळेल?

मित्रहो, आपल्या वर्गात ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुले आहेत, वीटभट्टीवर जाणाऱ्यांची आहेत. आपल्या आईबापांनी पुष्कळ प्रवास केला, पण तो हौसेने केला नाही, म्हणून त्याला प्रवास म्हणायचे आपल्याला सुचत नाही. घरातले पहिले कॉलेजात आलेले आपण. ते आपण लिहिले नाही तर कोण लिहिणार?

माझ्या वडिलांना सहीपुरते लिहिता येते. म्हणून रात्री जेवणे झाल्यावर ते सांगतात आणि मी वहीत उतरवून घेतो. सध्या आमची गाडी धर्माबादपर्यंत आली आहे.