मीठ, पीठ आणि भाजी

जबलपूरच्या नेपियर टाउनमध्ये राहायला आलेल्या मराठी माणसाची पहिली फसगत होते ती वाचता येण्यामुळे. जपानमधल्या दुकानात पाटी वाचताच येत नाही, म्हणून आपण सावध असतो. इथे लिपी आपलीच. डोळे अडत नाहीत. पण 'मीठा' लिहिलेलं पाकीट गोड निघतं. 'पीठ' मागितलं तर दुकानदार बुचकळ्यात पडतो, कारण हिंदीत पीठ म्हणजे पाठ. आपल्याला हवा असतो तो आटा. 'चिवड़ा' म्हणजे नुसते पोहे, फोडणीचं नावही नाही. आणि 'भाजी' म्हणजे फक्त पालेभाजी. वांगं, दोडका, भोपळा यांना तो मान नाही, त्या सब्ज्या.

काही शब्द मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत. शेंगदाण्यांची 'फल्ली' नागपूरकडच्या मराठीतही ऐकू येते. 1861 ते 1956 नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होती, त्यामुळे विदर्भातून आलेला इथे कमी अडखळत असावा. माझी आई सांगलीची. तिच्यासाठी हा परमुलूखच.

वडील गेल्यावर, त्र्याहत्तराव्या वर्षी, ती माझ्याकडे राहायला आली. पन्नास वर्षं घरचं वाणसामान तिनेच भरलेलं. महिन्याची यादी, कापडी पिशव्या, डाळ तळहातावर घेऊन पाहणं, भाव करणं, हे सगळं तिचं राज्य. इथे ते एका दिवसात गेलं. मी फोनवरून मागवत असे आणि पुडे दारात येत. ती ते डब्यांत भरून ठेवी आणि खिडकीत बसे. मग मी तिला एका मोठ्या दुकानात नेलं, जिथे आपणच फळीवरून वस्तू उचलायच्या. सगळं मिळालं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "तोंड न उघडता महिन्याचं सामान आलं गं. मग मला इथे ओळखणार कोण?"

अनुवादाचा धंदा करणाऱ्या मला हा प्रश्न आजवर कुणी इतक्या नेमकेपणाने विचारला नव्हता.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी किराण्याचं जुनं दुकान आहे. तिथे आत जाता येत नाही. जे हवं ते मागावंच लागतं. आईने मागायला सुरुवात केली. ती 'तुरीची डाळ' म्हणाली तेव्हा दुकानदाराने "राहर?" असं विचारत मूठभर काढून दाखवली. बारीक रवा 'महीन सूजी' झाला. शेजारच्या भाजीवालीकडे घोसाळी 'गिलकी' झाली, वांगी 'भटा', चवळीच्या शेंगा 'बरबटी'. घरी आली की ती वहीत दोन रकाने आखून हे शब्द लिहून ठेवी. कोशात शब्दासमोर शब्द असतो. इथे आधी जिन्नस हातावर येतो, मग त्याचं नाव कळतं. आमसुलांसमोरचा रकाना रिकामाच राहिला. ती कुणी गावाहून येणारं असलं की आणवावी लागतात.

चूक झाली की दुकानदार हसे, आईही हसे. पाठीमागे रांग नसे, असली तरी रांगेतली एखादी बाई मदतीला येई. थंडीत इथे मटारचे हिरवे ढीग लागतात. पाच किलो घेताना आईने जबलपुरातला पहिला भाव केला, निम्मा मराठीत. दोन रुपये कमी झाले. त्या संध्याकाळी मटार सोलताना ती कितीतरी वेळ बोलत होती.

नातेवाईक फोनवर विचारतात, "रमल्या का तिकडे?" रमणं कशाने मोजायचं, मला ठाऊक नाही. गेल्या महिन्यात तिच्याकडे बारा रुपये सुटे नव्हते. दुकानदार म्हणाला, "बाद में दे देना, अम्माजी," आणि त्याने वहीत टिपून घेतलं. उधारी अनोळखी माणसाला मिळत नाही, हे आईला पक्कं माहीत आहे. घरी येऊन तिने ते मला दोनदा सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बारा रुपये द्यायला निघाली तेव्हा तिने मला सोबत बोलावलं नाही.