काळ्या कोंबडीची पांढरी पिले

गेल्या हिवाळ्यात पुतण्याकडे शारजा येथे महिनाभर राहण्याचा योग आला. त्याचे एक स्नेही मूळचे श्रीवर्धनचे; अल धैद येथील एका शेतावर देखरेख करतात. त्यांच्या तोंडून कोकणची बोली ऐकून मन प्रसन्न झाले. पण ते स्वतः मात्र खिन्न होते. शारजाच्या पक्षीबाजारातून त्यांनी काळ्या कोंबड्याकोंबडीची जोडी आणली होती. तीन महिन्यांनी कोंबडीने अंडी उबवली. अकरा पिले निघाली. त्यांतील तिघांची लव पिवळसर होती. पुढे ती पांढरीशुभ्र झाली. दुसरा कोंबडा तर शेतावर नव्हताच.

"बाई, कोंबडीची जात खोटी निघाली. उद्या तिला कापतो," ते म्हणाले.

तीस वर्षे फळ्यावर मेंडेलचे वाटाणे काढलेली मी; गप्प कशी बसणार? मेंडेलचा निबंध १८६६ साली प्रसिद्ध झाला आणि तोच नियम कोंबड्यांनाही लागू पडतो, हे बेटसन यांनी १९०२ साली तुऱ्यांच्या आकारावरून दाखवून दिले. पिलाला प्रत्येक गुणाची दोन जनुके मिळतात, एक आईचे व एक बापाचे. वायनडॉट जातीचा पांढरा रंग अप्रभावी आहे. त्याचे एकच जनुक असले तर पक्षी काळाच दिसतो व ते जनुक पिढ्यान्‌पिढ्या दडून राहते. दोघांकडूनही ते आले तरच पिलू पांढरे होते. म्हणजे दर अंड्यामागे चारांत एक शक्यता. उलट लेगहॉर्नचा पांढरा रंग प्रभावी आहे. तेथे एक जनुकही पुरते. तेव्हा पांढरा दिसला म्हणून प्रत्येक पांढरा सारखा नसतो.

"भाई," मी म्हटले, "व्यापाऱ्याला तरी हे कोठून दिसणार? आणि दोष एकट्या कोंबडीलाच का? निम्मा वाटा कोंबड्याचा आहे!"

हे बोलताना मला आपलेच घर आठवले. इस्राएलमध्ये १९६२ साली विवाहाच्या वेळी आपल्या मंडळींच्या आईआजींच्या कुळाची चौकशी सुरू झाली. तो अपमान आपण विसरलो नाही. १९६४ साली न्याय मिळेपर्यंत आपली माणसे झगडली. पण त्यापूर्वी कोकणात आपणच आपल्यांत 'गोरा इस्राएल' व 'काळा इस्राएल' असा भेद पाळला होता. तो कातडीपेक्षा कुळाचा भेद होता. काळा इस्राएल म्हणजे परजातीच्या आईची संतती, असे मानून त्यांच्याशी सोयरीक करीत नसत. तेथेही बोट आईकडेच होते. दुसऱ्याने विचारलेला प्रश्न आपणांस झोंबला. आपण विचारलेला मात्र रीत म्हणून खपला.

माणसाचा धर्म जनुकांत नसतो, हे मी जाणते. तरी त्या तीन पिलांनी मला एवढे शिकविले, की वरचा रंग पाहून कुळाचा निवाडा करणारा बहुधा चुकतो, आणि त्याची शिक्षा बिचाऱ्या आईला होते.

कोंबडी वाचली. मी निघाले तेव्हा ती पुन्हा अंड्यांवर बसली होती.