जीपची हुडहुडी

साठी जवळ आली की माणसाला एखादा छंद जडतो म्हणतात. कुणी गुलाब लावतो, कुणी जुनी नाणी जमवतो. मी वडिलांच्या जुन्या जीपला मोठी चाके बसवली. हा छंद नव्हे, हे खूळ आहे, असे आमच्या घरचे मत पहिल्या दिवसापासून होते. आणि घरचे मत खरे ठरावे यासारखे दुःख नवऱ्याच्या जातीला दुसरे नाही!

आमची शेती गोरेगाव तालुक्यात. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला, पण आमच्या पांदणीतल्या चिखलाने ही गोष्ट अजून मनावर घेतलेली नाही. रोवणीच्या दिवसांत तो पूर्वीइतकाच खोल असतो. गेल्या पावसाळ्यात जीप त्यात रुतली आणि शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने ती ओढून काढली. बांधावर रोवणी करणाऱ्या बाया उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत, पण न हसण्यासाठी त्यांना किती कष्ट पडत होते ते मला दिसत होते. त्याच रात्री मी मोठ्या चाकांचा निश्चय केला.

जीपची मूळची चाके ६.००-१६ मापाची. दुसऱ्या महायुद्धात विलीजच्या जीपने याच मापाच्या अरुंद चाकांवर अर्धे जग पालथे घातले. हे मला ठाऊक होते, पण निश्चय झालेल्या माणसाला इतिहास आठवत नाही. मी ७.५०-१६ मापाचे, ट्रॅक्टरसारख्या नक्षीचे टायर आणले. जुन्या चाकांहून ती सुमारे तीन इंच उंच. ती मडगार्डला घासू लागली, म्हणून पुढच्या पाट्यांच्या शॅकल लांब करून घेतल्या. गाडीने मान वर केली. मीही केली.

फक्त दादा काही बोलला नाही. गाडीभोवती एक फेरी मारून तो म्हणाला, "पुढच्या चाकात खेळ आहे, तो आधी काढ." मी म्हटले, "बघू."

या "बघू"मागे थोडा इतिहास आहे. वडील असताना जीपचे सगळे दादाच करी. दर महिन्याला ग्रीसगन घेऊन तो गाडीखाली शिरे. वडिलांमागे वाटणी झाली तेव्हा धानाची चांगली बांधी त्याच्याकडे गेली आणि जीप माझ्याकडे आली. भांडण असे झाले नाही. पण त्या दिवसापासून दादा गाडीखाली शिरला नाही, आणि मीही त्याला कधी बोलावले नाही. मी शाळामास्तर, मला गाडी चालवता येत होती, तेवढे पुरे वाटे.

भाऊबीज आली. आमची ताई नवेगावबांधच्या बाजूला दिलेली. भाऊबीजेपासून आमच्या झाडीपट्टीत मंडईचे दिवस सुरू होतात. संध्याकाळी दंडार, रात्री नाटक. नातवंडे आठ दिवस आधीपासून उड्या मारत होती. पुढे मी नि दादा, मागे सौभाग्यवती, वहिनी आणि दोन नातवंडे, असे आम्ही निघालो. हलका धान कापून झाला होता, भारी धान पिवळा होऊन उभा होता. मी मोठा खुशीत होतो.

कोहमारा चारेक किलोमीटरवर असताना पुढचे चाक एका खड्ड्यातून गेले, आणि जीपला हुडहुडी भरली. मलेरियाच्या रोग्याला भरते तशी! स्टिअरिंग हातात डावी-उजवीकडे असे आपटू लागले की बोटांची पकड राहीना. बॉनेट हलत होते, आरसा हलत होता, समोरचा रस्ताच हलत होता. नातीला आधी गंमत वाटली, ती खिदळली. मग तिचे डोके लोखंडी दांड्यावर आपटले आणि ती किंचाळली. समोरून धानाचे भारे लादलेली बैलगाडी येत होती. मी जे करू नये तेच केले. ब्रेक दाबला. गाडी अधिकच थरथरत बाजूला ओढली गेली. "ब्रेक सोड! नुसता अॅक्सिलरेटर सोड!" दादा ओरडला आणि त्याने आपले दोन्ही हात माझ्या हातांवर दाबले. वेग उतरत उतरत विशीवर आला तेव्हा थरथर आपोआप थांबली. आम्ही उभे राहिलो. डाव्या अंगाला बोडी होती. तिचे पाणी चाकापासून फार तर दोन हात दूर होते.

कुणी मला बोलले नाही. बोलले असते तर बरे झाले असते.

दादाने बायकामुलांना एस.टी.त बसवून दिले आणि आम्ही दोघे पायी चालल्याच्या वेगाने कोहमाऱ्याला आलो. भाऊबीजेच्या दिवशी मिस्त्री कुठला भेटायला! पण एकाचे घर दुकानामागेच होते. तो म्हणाला, "माही बहीन दुपारी येनार हाय. तवरक पाहू." मग चाकांकडे पाहून, "काहून जी गुरुजी, हे चाक कोनं सांगतलं लावाले?"

मी म्हटले, गोंदियात चाकांचे बॅलन्सिंग करून घेतले आहे, रिमला शिसे लावले आहे. तू फक्त एखादा डॅम्पर लावून दे, म्हणजे थरथर थांबेल. तो म्हणाला, "लावतो जी. थरथर झाकते. मंग एक दिवस रॉडच निघते. तवा काय करसान?"

त्याने जॅक लावला. चाकाला वर आणि खाली धरून हलवले. चाक म्हाताऱ्याच्या दातासारखे हलले: किंगपिनच्या बेअरिंगमध्ये खेळ होता. मग मला स्टिअरिंग थोडे डावी-उजवीकडे फिरवायला लावून तो खाली वाकून पाहत राहिला. टाय रॉडचे दोन्ही सांधे सैल. टायरांवर खडूची रेघ ओढून दोन चाकांमधले अंतर पुढून नि मागून मोजले. पुढचे अंतर दीड-दोन मिलिमीटरने कमी हवे. आमचे उलट जास्त भरले. राहिल्या त्या माझ्या लांब शॅकल. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो, म्हणून हात सोडले तरी ती सरळ धावते. जीपच्या पुढच्या आसालाही तसाच कल असतो. शॅकल लांब झाल्या तसा आस पुढे झुकला, तो कल गेला आणि गाडी भरकटू लागली.

मी मास्तर असल्यामुळे हिशेब केल्यावाचून राहवेना. हे मोठे चाक ताशी ६० किलोमीटरला सेकंदाला सुमारे साडेसहा फेरे घेते. त्याचा एक भाग जरा जड असला तर तितकेच धक्के सेकंदाला बसतात. सांधे घट्ट असले तर ते विरतात. सैल असले तर झोपाळ्याला योग्य वेळी धक्का मिळावा तसा झोका वाढत जातो. शिवाय चाक उंच झाल्याने वेगाचा काटाही खोटे सांगत होता. तो ५४ दाखवी तेव्हा खरा वेग ६० असे. लहान चाकांवर हाच खेळ वर्षानुवर्षे मुकाट होता. मोठ्या चाकांच्या वजनाने त्याला तोंड फुटले.

मिस्त्रीने किंगपिनखालच्या पातळ पत्र्या काढून बेअरिंग आवळले, टाय रॉडचे सांधे नवे घातले, अंतर जुळवले. नकल उघडली तेव्हा आत ग्रीसचा मागमूस नव्हता. "कवाचं नाई टाकलं जी?" त्याने विचारले. मी दादाकडे पाहिले नाही. दादाच म्हणाला, "राहून गेलं." जणू ते त्याचेच काम होते!

ताईकडे पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. नातीच्या कपाळावर टेंगूळ आले होते; तिने ते मोठ्या अभिमानाने मंडईभर मिरवले. ताईने ओवाळताना विचारले, "उशीर का रे?" दादा म्हणाला, "गाडीला ताप होता."

पुढल्या आठवड्यात मी शॅकल मूळच्या केल्या आणि जुनी चाके परत चढवली. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमालाही गाडीतले मनमानी फेरफार मान्य नाहीत, हे मला मागाहून समजले. मोठी चाके विकली तेव्हा घेणाऱ्याला सांधे तपासून घ्यायला सांगितले. तो "बघू" म्हणाला.

जीप आता साठीच्या वेगातही हाताला शांत लागते. पांदणीत मात्र अधूनमधून रुततेच, आणि बाया आता उघड हसतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी मी दादाला निरोप धाडतो. तो ग्रीसगन घेऊन येतो, गाडीखाली शिरतो, आणि मी बाहेर चिंधी धरून उभा राहतो. परवा खालूनच म्हणाला, "नुसता उभा काय राहतोस? ये इकडे, शिकून घे. मी काय जन्मभर पुरणार आहे?"

मी गुडघे सांभाळत खाली शिरलो.